भोंग्यावर निघणारी कोल्ही

गावात राहणारा कोल्हा ओरडत नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. चौथीच्या पुस्तकात कोल्ह्याचा धडा होता, त्यात तो द्राक्षं खात होता, की आंबट म्हणत होता, असं काहीतरी. चौथीनंतर माझी शाळा सुटली, त्यामुळे पुढच्या पुस्तकात तो काय करतो ते मला माहीत नाही. मी जे सांगतो ते नंदुरबारच्या एका जीनमध्ये, म्हणजे कापूस ओटून सरकी वेगळी काढतात त्या कारखान्यात, पाहिलेलं आहे. मी तिथे यंत्रांना तेल घालायला होतो.

देवगडच्या बाजूचा माणूस नंदुरबारला कसा पोचला, असं लोक विचारत. आमच्या वाडीतला एक फिटर तिथे होता, त्याने मला नेलं आणि त्याच हंगामात तो स्वतः दुसरीकडे निघून गेला. मी राहिलो. परत जावं तर घरी थोरला भाऊ, त्याची बायको, त्यांची पोरं, आणि माझी पथारी टाकायला पडवीतसुद्धा जागा नाही. भावाने तसं तोंडाने कधी म्हटलं नाही. त्याने फक्त मी निघायच्या आधीच पडवीत शेळी बांधली.

नंदुरबारला आधी माझ्या बोलण्याची थट्टा झाली. मी कोकणातला म्हटलं की लोक मला नवापूरकडचा कोकणी आदिवासी समजत, आणि मग हा रानातला माणूस रोटी सोडून भात का मागतो, म्हणून हसत. मी हेल काढून बोलायचो, तो हेल मी पहिल्याच थंडीत गिळला. कोणी विचारलं तर तेवढ्यापुरतं उत्तर द्यायचं, नाहीतर तेलाची पळी हातात धरून खाली मान घालायची.

त्याच थंडीत मला हिवताप आला. सरकीच्या गोदामाला लागून माझी पत्र्याची खोली होती. तिथे मी दातावर दात आपटत पडलो होतो, आणि मुनीम दारातून म्हणत होता, "मरायचंच असेल तर स्टेशनात जाऊन मर बाबा, इथे पंचनामा कोण करणार?" त्या वेळी शेटची आई आली. तिला सगळे माजी म्हणत. लहानखुरी, पांढऱ्या ओढणीतली, राजस्थानातून लग्न होऊन आलेली म्हातारी. पाणी गाळून पिणारी, सूर्य मावळायच्या आत जेवणारी. रोज सकाळी ती जीनच्या कुंपणाजवळच्या मुंग्यांच्या वारुळांवर साखर घातलेलं पीठ टाकत फिरे, आणि वाटेत मुंगी दिसली तर पाय आखडून घेई. तिने मला मुंगीसारखंच उचललं म्हणायला हरकत नाही. स्वतःच्या हाताने काढा पाजला, मुगाचं पाणी पाजलं, पायांवर गोधडी टाकली. "आईचा घर लांब आहे ना रे," एवढंच म्हणाली. मी गोधडीत तोंड घालून रडलो. त्या बाईचे उपकार माझ्यावर आहेत, हे मी आधीच लिहून ठेवतो. पुढचं वाचताना कोणी विसरू नये.

आता कोल्ही.

माझ्या खोलीमागे मालधक्क्याचा रूळ जात होता, आणि त्या रुळाखाली दगडी मोरी होती. पावसाळ्यात तिच्यातून पाणी वाहायचं, बाकीचे महिने ती कोरडी. तापातून उठल्यावर मी दारात मावळतीच्या उन्हाला बसायचो, तेव्हा ती मला दिसली. आधी कुत्रंच वाटलं. ती तशीच चालत होती, शेपूट खाली, मान खाली, कंटाळलेल्या कुत्र्यासारखी. रानातला कोल्हा माणूस दिसला की पळतो. ही पळत नसे, कारण पळणाऱ्याच्या मागे कुत्री लागतात. एका कानाला खाच होती. अंगाला रुईचे धागे चिकटलेले, त्यामुळे ती जीनमधल्या बायकांसारखीच दिसे. त्यांच्याही केसांत दिवसभर रुई.

तिचं सगळं वागणं आमच्या जीनला बांधलेलं होतं. मालगाडीचे डबे जोडायचा खडखडाट सुरू झाला की ती रूळ ओलांडायची, म्हणजे पलीकडच्या कुत्र्यांना चाहूल लागत नसे. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी खाटकांच्या ओट्यामागे जायची. एरवी सरकीच्या ढिगातले उंदीर, भुईमुगाच्या शेंगा, कुंपणाच्या बोरीखाली पडलेली बोरं. मिरच्या वाळत घातलेल्या पथारीकडे मात्र फिरकायची नाही. एकदा फिरकली असावी, कारण तिकडून वारा आला की ती नाक पायाला घासायची.

आणि भोंगा. सकाळचा भोंगा झाला, माणसं यायला लागली, की ती मोरीत. संध्याकाळचा भोंगा झाला की बायका गलका करत फाटकातून बाहेर पडत. त्यांचा आवाज रस्त्याला लागून विरला, की थोड्या वेळाने मोरीच्या तोंडाशी तिचं नाक. घड्याळ चुकेल, पण ती चुकायची नाही. बायकांना हे माहीत होतं. त्यांच्यात एक पिकल्या केसांची कपास निवडणारी होती, तिची जीभ सगळ्या जीनमध्ये तिखट. भोंगा झाला की ती ओरडायची, "चला वं, आपली पाळी सरनी, आते कोल्हीनी पाळी! दखा, मुनीमनी तिले बी कामले ठेवेल शे."

"तिले रोज काय देस मुनीम?" दुसरी विचारायची.

"तुले देस तेच. उंदीर!"

सगळ्या हसायच्या. मुनीम कानात बोट घालून हलवायचा, जणू ऐकूच आलं नाही.

ती ओरडत नाही, हे मला एका पहाडातल्या बाईने दाखवलं. मोलगीच्या वरून माणसं हंगामाला यायची, त्यांतली ती. ती म्हणाली, "आमच्याकडे दिवस मावळला की सगळे मिळून ओरडतात, पोरं घाबरतात. तुमची ही कशी गप्प?" तेव्हा माझ्या लक्षात आलं. शहराबाहेर पाटोंद्याच्या बाजूला कोल्हे ओरडत, ते दुरून ऐकू येई. त्या वेळी मोरीतली ही कान उभे करायची, तोंड किंचित उघडायची, आणि मिटायची. ओरडली असती तर सगळ्या मालधक्क्याची कुत्री मोरीवर आली असती. पिढ्या गेल्या असतील हे शिकायला, की एकाच हंगामात शिकली, कोण जाणे. मला तर एकच थंडी लागली होती.

दुसऱ्या हंगामात मंदी आली. कापसाचा भाव बसला, गाड्या कमी यायला लागल्या, अर्धी यंत्रं उभी. हंगाम संपल्यावर वर्षभरासाठी कोणाला ठेवायचं आणि कोणाला काढायचं, यावर सगळं जीन कुजबुजत होतं. तेलवाल्याची गरज चालू यंत्राला असते. उभ्या यंत्राला तेल कोण घालतो? मी रात्रंदिवस तेवढाच हिशोब करत होतो. काढलं तर कुठे जायचं? पडवीत शेळी.

माजीलाही काळजी होती, पण तिची वेगळी. तिच्या माहेरी म्हणे एका पेढीवर चांदीच्या डबीत, शेंदरात, कोल्ह्याचं शिंग ठेवलेलं होतं, आणि त्या पेढीला कधी तोटा आला नाही. ती त्याला स्याळसिंगी म्हणायची. सुपारीएवढं, केसाळ. प्रत्येक कोल्ह्याला नसतं. ज्याला असतं त्याचंही एरवी दिसत नाही, तो मान खाली घालून ओरडतो तेव्हाच कपाळातून बाहेर येतं, आणि कधी आपोआप गळून पडतं. "मारून आणलेला नको," ती दर वेळी बजावायची. "पाप लागेल. गळून पडलेला पाहिजे." शेट हसून सोडून द्यायचा. पण मुनीमला ती म्हणाली होती, आणि मुनीमने सगळ्यांना सांगितलं होतं, की ज्याच्यामुळे शिंग घरात येईल त्याला माजी बारा महिने ठेवून घेणार.

मोरीजवळ राहणारा मी. म्हणून रोज सकाळी वारुळांवर पीठ घालून झालं की ती माझ्या दाराशी थांबायची.

"बेटा, स्याळियो बोल्यो कांई?"

"नाही, माजी. कोल्हा नाही ओरडला."

"ऐकत जा हां. कान ठेव."

"ठेवतो, माजी."

गावातला कोल्हा ओरडत नाही, हे तिला सांगायची मला छाती झाली नाही. तिची आशा एवढी, आणि माझी आशा तिच्या आशेला लटकलेली. मी खरंच कान ठेवायचो. कोल्हीकडे बघत बसायचो आणि मनात म्हणायचो, एकदा ओरड गं बाई. तुझं काय जातं? तिचं काय जातं ते मला चांगलं माहीत होतं, तरी म्हणायचो.

माघाच्या शेवटी मोरीत पिल्लं झाली. कोल्ही वाळली, पोट खाली लोंबू लागलं, पण भोंग्याचा नेम चुकला नाही.

पिल्लं मोरीच्या तोंडाशी यायला लागली, त्या सुमारास मुनीमने खांडबाऱ्याच्या बाजारातून एक माणूस आणला. तो मुळ्या, वाघनखं, घोरपडीचं तेल असलं विकायचा. आम्ही त्याला शिंगवाला म्हणायला लागलो. पागोटं मोठं, डोळे बारीक. पहिले काही दिवस तो मोरीसमोर बिडी ओढत नुसता बसून राहिला. कपास निवडणारी म्हातारी जाता-येता त्याला टोचायची.

"काय पाव्हणा, वरात कव्हय निंघी?"

"निंघी, निंघी. नवरी मुकी शे तुमनी."

"मुकी नही रे भाऊ, शहाणी शे. तुन्हापेक्षा तरी."

तो हसला नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "ही भोंग्यावर निघते ना रे?" मी पळी घेऊन इंजनघराकडे वळलो. बोलायची गरजच नव्हती, त्याने स्वतः पाहिलं होतं, आणि बायका तर रोज ओरडून सांगत होत्या.

मग एक दिवस गाड्याच आल्या नाहीत. दुपार कलली होती, ऊन अजून अंगणात होतं. बॉयलर तापलेला, पण ओटायला कपास नाही. मुनीम अंगणात येऊन म्हणाला, "आज सुट्टी. चला, घरी जा." आणि त्याने स्वतः साखळी ओढून संध्याकाळचा भोंगा दिला.

बायका हरखल्या. एवढ्या लवकर सोडतात म्हणजे मुनीमची बायको माहेराहून आली असणार, असं म्हणत, खिदळत बाहेर पडल्या. त्यांचा आवाज रस्त्याला लागून विरला. मी इंजनघराच्या खिडकीत पळी पुसत होतो. मोरी तिथून समोर दिसते. गवतात काहीतरी पसरलेलं दिसलं, तेव्हा मला कळलं. मी ओरडलो असेन, की फक्त तोंड उघडलं असेल, मला आठवत नाही. चाकं अजून फिरत होती, माझं मलाही ऐकू आलं नसतं.

कोल्ही बाहेर आली. उन्हात क्षणभर थबकली, डोळे किलकिले केले. मला वाटतं तिलाही काही चुकतंय असं वाटलं असावं. पण भोंगा झाला होता, बायका गेल्या होत्या. आमच्यासारखीच तीही भोंग्यावर विश्वास ठेवून जगत होती. ती सावकाश, कुत्र्यासारखी चालत जाळ्यात गेली.

शिंगवाल्याने तिला ओरडायला लावायचा पुष्कळ प्रयत्न केला. काठीने टोचलं, शेपूट पिळली, पिल्लांच्या मोरीकडे तोंड करून धरलं. "बोल! बोल ना!" तो म्हणत होता. मुनीम लांब उभा राहून नाकाला धोतराचा सोगा लावत होता. ती ओरडली नाही. गुरगुरली, दात दाखवले, धापा टाकल्या, पण ओरडली नाही. तेवढ्यात इंजन बंद पडलं, त्यामुळे सगळं स्वच्छ ऐकू आलं. म्हणजे काहीच ऐकू आलं नाही. मग काठी उभी वर गेली. मी खिडकी सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माजी वारुळांकडे न जाता सरळ माझ्या दाराशी आली. मागे मुनीम. तिच्या तळहातावर चांदीची डबी होती, आणि डबीत शेंदरात बुडालेलं काहीतरी केसाळ. तिचा चेहरा एखाद्या पोरीसारखा फुललेला.

"बेटा, तुझे कान गोड झाले. मुनीमजी सांगतात, तू ऐकलास. काल दुपारी बोलला ना? मान खाली घालून बोलला, आणि गवतात टाकून निघून गेला. तूच मुनीमजींना हाक मारलीस ना?"

मी मुनीमकडे पाहिलं. तो माझ्याकडे प्रेमाने पाहत होता. खरंच प्रेमाने. त्याला साक्षीदार हवा होता हे खरं, पण मला बारा महिने ठेवून घ्यायची ही युक्तीही त्यानेच काढली होती, हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. हो म्हण मूर्खा, असं ते डोळे म्हणत होते. "लाजतोय तो," मुनीम म्हणाला. "अहो, माझ्याआधी यानेच ऐकलं. खोली जवळ ना याची."

"बोल ना बेटा. कसा आवाज होता?"

एक 'हो' म्हणायचं होतं. गेले दोन हंगाम मी त्या जीनमध्ये 'हो'शिवाय दुसरं काही बोललोही नव्हतो. रोटीला हो, थट्टेला हो, शिवीला हो. पण त्या वेळी तोंड उघडलं आणि हेलासकट, गिळलेल्या सगळ्या हेलासकट बाहेर पडलं, "नाय ओ माजी. ती ओरडाक नाय."

माजीला शब्द कळले नसावेत, म्हणून मी परत नीट सांगितलं. "ती ओरडली नाही, माजी. जाळ्यातसुद्धा नाही. काठी मारली तेव्हासुद्धा नाही."

मुनीमने डोळे मिटले.

माजी डबीकडे पाहत राहिली. तिच्याच सांगण्याप्रमाणे, ओरडल्याशिवाय शिंग निघत नाही. म्हणजे डबीतलं ते शिंग नव्हे, कातड्याचा तुकडा. आणि काठी म्हणजे काय, ते तिला वेगळं सांगायला नको होतं. मला वाटलं ती डबी फेकून देईल. मला वाटलं ती मुनीमला काहीतरी म्हणेल. तिने झाकण लावलं. घट्ट दाबून लावलं.

"तू लांब होतास," ती म्हणाली. "इंजनाचा आवाज असतो. तुला ऐकू आला नसेल."

"इंजन बंद होतं, माजी."

"ऐकू आला नसेल," ती पुन्हा म्हणाली, आणि वळून गेली.

त्या दिवसापासून तिने उपास धरला. उकळलेल्या पाण्याशिवाय काही नाही. ओसरीत भिंतीकडे तोंड करून जप करत बसे. शेटची बायको सांगायची, माजी रडतात, विचारलं तर बोलत नाहीत. डबी मात्र पेढीवर तिजोरीशेजारी गेली, आणि तिथेच राहिली. उपास सुटला त्या सकाळी ती फिकट चेहऱ्याने पुन्हा वारुळांवर पीठ घालत फिरली. माझ्या दाराशी आली. मी उठून उभा राहिलो. आता ती काय विचारणार, असं मला वाटत होतं. काही विचारायचं उरलं नव्हतं.

"बेटा," ती म्हणाली, "तू फार लांब आलास रे. आईला सोडून. माणसाने एवढा लांब राहू नये. तू घरी जा."

मी काहीतरी म्हणालो असेन. हंगाम संपेपर्यंत तरी, असं काहीतरी. ती मान हलवत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं. तिने मला तिकीट काढून दिलं, भावाच्या पोरांसाठी कापड दिलं, वाटेत खायला मेथीचे लाडू बांधून दिले, अंगात ताप मुरलेला आहे, तेलकट खाऊ नकोस म्हणाली. माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याकडे बघितलं की तिला ती काठी दिसणार, ही गोष्ट तिला आणि मला दोघांनाही कळत होती, आणि दोघंही आईच्या घराबद्दल बोलत होतो.

मुनीम फाटकापर्यंत आला. "एक शब्द," तो म्हणाला. "एकच शब्द मागितला होता तुझ्याकडे." रागात नव्हता. त्याला खरोखर वाईट वाटत होतं. कपास निवडणारी म्हातारी तिथेच उभी होती. ती त्याला म्हणाली, "मुनीमजी, एक मुकी व्हती ती मारी टाकी. एक बोलना, त्याले काढी दिधा. आते आम्ही काय करसूत ते तरी सांगा."

"काम करा," मुनीम म्हणाला.

निघायच्या आधी मी मोरीकडे जाऊन आलो. पिल्लं जगली होती. बाप त्यांना काहीतरी आणून घालत असावा, मोरीच्या तोंडाशी ओल्या आतड्याचा तुकडा पडला होता. मी तिथे असतानाच संध्याकाळचा भोंगा झाला. नाकं बाहेर आलेली होती, ती भोंग्याबरोबर सर्रकन आत गेली, पार पलीकडच्या अंधारात. बायका गेल्या, रस्ता शांत झाला, मी गाडीची वेळ होईपर्यंत थांबलो. कोणी बाहेर आलं नाही.

गाडीत मी लाडू खाल्ले. भूक लागली होती, आणि ते चांगले होते. तिकीट मुंबईपर्यंतचं होतं, तिथून पुढे बोट. मी सुरतेला उतरलो. पडवीत शेळी होती. सुरतेलाही गिरण्या होत्या, तेलवाला लागतोच, आणि इथे येऊन आता मला इतकी वर्षं झाली की मी गुजराती बोलतो तेव्हा कोणी हसत नाही. त्या बाईबद्दल कोणी वाईट बोललेलं मला आजही खपत नाही. तिने मला जगवलं. हिवताप अजून वर्षाला एकदा येतो, गोधडीत शिरलो की तिचाच हात आठवतो. आणि संध्याकाळचा भोंगा झाला की सगळे फाटकाकडे धावतात, मी थोडा वेळ यंत्राजवळच थांबतो. मुकादम विचारतो, घरी जायचं नाही का? मी म्हणतो, होऊ दे, सगळे जाऊ देत आधी.